चौथा ओंडका

डुलूथला ऑक्टोबरातच सरोवर राखाडी होतं
आणि आमच्या दुकानाच्या दारावरची घंटी वाजू लागते.
वर्ना हाकाला आली ती काखेत
मेपलचा एक खराखुरा ओंडका मारून,
वर्तमानपत्रात गुंडाळलेला, मासळीसारखा.
"याच्यासारखं दाखव," म्हणाली.

मी आधी स्वस्तातलं दाखवलं, सवयीनं.
तिनं दोन ओंडके शेजारी ठेवले, चष्मा कपाळावर सारला :
"दोघांची गाठ एकाच जागी? जुळे आहेत का?"
नखानं रंग खरवडला. खाली पांढरंफटक.
"दाराला अडसर म्हणूनही नको."

मग मागच्या खोलीतून काढला भारी संच.
भट्टीत भाजलेला, पोटात पोलादी सळई,
सालीच्या भेगा हातानं रंगवलेल्या,
एका टोकाला कुऱ्हाडीचा घाव,
तोही अर्थात साच्यातला.
त्या घावावरून तिनं अंगठा फिरवला.
"डावखुऱ्याचा नाही हा,"
म्हणाली, आणि किंमत विचारली.

बर्नरचं मी सांगत गेलो, ती ऐकत गेली.
स्टेनलेसचा घ्या,
साध्या लोखंडाची पाच हिवाळ्यांत चाळण होते.
नळी दुहेरी, म्हणजे ज्योत मागूनही, पुढूनही.
वर वाळू, वाळूवर धुमसत्या निखाऱ्यासारखी लोकर.
ज्योत निळी असेल तर ऊब जास्त,
पिवळी असेल तर डोळ्यांना बरी;
दोन्ही पुरेपूर हवं म्हणणारे पुष्कळ येतात,
नवरा-बायको असले तर भांडतातसुद्धा इथेच.
"आवाज?" तिनं मधेच विचारलं.
तडतड नाही. थोडं सुसुसू.
"वास?"
वास आला तर घराबाहेर पळा आणि मग फोन करा.
त्यावर ती हसली, त्या दिवसात पहिल्यांदा
आणि बहुधा शेवटचं.

बसवायला गेलो तेव्हा चूल झाडून लख्ख.
धुरांड्याच्या झडपेला मी चाप लावला :
नियमच आहे, ही आता पुरती मिटायची नाही.
"म्हणजे थंडी आत येणार?"
येणार थोडी.
"येऊ दे. या घरात आता तेवढीच ये-जा."

पाच ओंडके, पाठीवर आकडे.
नकाशा मी भिंतीला टाचला :
एक दोन खाली, तीन आडवा, चार वर, पाच कोपऱ्यात.
जागचे हलवू नका, मी बजावलं,
ज्योत अडली की काजळी धरते,
आणि काजळी दिसते तरी; काही वायू दिसतही नाहीत.
भिंतीवर शिट्टी मारणारं यंत्र लावून दिलं.
तिनं मान हलवली, शाळेत हलवतात तशी.

फेब्रुवारीत फोन. उणे सव्वीस. काजळी.
मी पोचलो तर काच काळी, विटा काळ्या,
आणि चौथा ओंडका चांगला वीतभर तिरका.
मी तिच्याकडे पाहिलं. तिनं खिडकीकडे.
"एक्केचाळीस वर्षं ओरडत होते मी,
वरचा सरळ ठेव, सरळ ठेव.
एस्को तिरकाच टाकायचा. डाव्या हातानं,
न बघता, बूट काढता काढता."
थोड्या वेळानं :
"मी हलवला नाही, लाइल. माझा हात गेला."

मी काजळी खरवडली. बर्नरची भोकं तारेनं साफ केली.
चौथा उचलून नकाशाबरहुकूम ठेवला.
ज्योत उठली, स्वच्छ, बिनचूक,
दुकानातल्या नमुन्यासारखी.
चुलीच्या कठड्यावर तो मेपल
अजून त्याच वर्तमानपत्रात.
"आता बरोबर आहे?"
बरोबर आहे, मी म्हणालो.
"हं," ती म्हणाली. "दिसतंय."

बिलावर लिहिलं : साफसफाई, एक तास.
गाडीत बसलो तेव्हा मनगटापर्यंत काळा होतो.

मार्चात पुन्हा फोन.
मी कारण विचारलं नाही, तारीख दिली
आणि फडकी जास्तीची घेतली.